सप्तपदी आणि सरकारी शिक्का

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आमच्या घरात दोन गोष्टींचा पसारा होता. स्वयंपाकघरात ताईच्या चकल्यांची भाजणी, आणि माजघरात तिच्या मुलीचे कागद. भाचीचे लग्न त्याच वैशाखात झाले. जावई लेस्टरला असतात. इतकी वर्षे तिकडे काढली, तेव्हा कायम राहण्याची परवानगी त्यांना कधीच मिळालेली. भाचीला मात्र व्हिसा हवा, आणि त्यासाठी लग्न झाले आहे एवढे दाखवून भागत नाही. ते खरे आहे आणि चालू आहे, असे दाखवावे लागते.

"चालू आहे म्हणजे काय गं?" ताईने विचारले. "लग्न आहे की पिठाची गिरणी?"

तिकडच्या वकीलबाईंची यादी आली होती. विवाहनोंदणीचा दाखला, दोघांचे एकत्र फोटो, भेटीगाठींची तिकिटे, फोनवरच्या बोलण्याचे आणि निरोपांचे उतारे, जावयांच्या पगाराचे कागद. आमच्याकडे फोटो चारशेच्या वर निघाले. पण त्यांत नवरानवरी दोघेच असा फोटो शोधू लागलो, तर प्रत्येकात कोणी ना कोणी आत्या, काकू, नाहीतर करवली मध्ये उभी! एका फोटोत दोघे शेजारी आहेत, तर दोघांचेही लक्ष कॅमेऱ्याकडे नसून पंगतीत कोण रुसले आहे तिकडे आहे. भाची रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, तू पुस्तकं लिहितेस ना, मग हे सगळं नीट मांडून दे."

मी कादंबऱ्या लिहिते म्हणजे खोटे खरे करून दाखवते. खरे आहे ते खरे म्हणून दाखवण्याची मला सवय नाही. तरी बसले. त्या रात्री सहज मनात आले, की उद्या कोणी मलाच विचारले तर? मी आणि आमचे हे, यांच्या बावीस वर्षांच्या संसाराचा पुरावा म्हणून घरात काय सापडले? रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक आणि वाळवी लागलेली लग्नपत्रिका. नोंदणी करायची राहून गेली आहे. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा 1953 सालीच झाला. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली राज्यांना सांगितले. पण न्यायालयाने सांगावे आणि आम्ही उद्या करू म्हणावे, ही रीत जुनीच. शिवाय 1955 चा हिंदू विवाह कायदा म्हणतो, की जिथे सप्तपदीची चाल आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला. कागद लागतो तो पुढे, कोणी शंका घेतली म्हणजे.

आणि शंका घेणारा बहुधा बंदरावर उभा असतो. मी बालवाडीची बाई, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण वाचनालयाचे कार्ड कधी बंद पडू दिले नाही. कस्तुरबांवर मुलांना सांगायची एक गोष्ट तयार करताना जे वाचले होते, ते भाचीचे कागद लावताना पुन्हा उघडले.

दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला राहणारे हसन इसाप नावाचे एक गृहस्थ हिंदुस्थानात येऊन बाई मरियम यांच्याशी लग्न करून गेले. पुढे पत्नीला घेऊन केपटाऊनला उतरू लागले, तेव्हा अधिकाऱ्याने बाईंना उतरू दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि 14 मार्च 1913 रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. या पतीला दुसरी बायको नव्हती. पण ज्या धर्मात एकापेक्षा अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न तिथल्या कायद्याच्या नजरेत लग्नच नव्हे, असा त्या निकालाचा इत्यर्थ. म्हणजे माणसाने काय केले ते पाहायचे नाही, त्याचा धर्म काय करू देतो ते पाहायचे!

एका निकालासरशी हजारो घरांतल्या बायका कायद्याने बायका उरल्या नाहीत. मुले वारस उरतील का, याची धास्ती पडली. कस्तुरबांचे लग्न 1883 साली झालेले. 30 वर्षांचा संसार आणि चार मुलगे. त्यांच्याजवळ तरी कसला दाखला असणार? काठियावाडातल्या मांडवात त्या काळी शिक्का मारायला कोण बसले होते?

तोवर गांधीजींनी सत्याग्रहात स्त्रियांना तुरुंगात जाऊ दिले नव्हते. आता अपमानच स्त्रियांचा झाला होता. गांधीजींनी पुढे लिहिले आहे, की त्यांनी आश्रमातल्या इतर स्त्रियांशी बोलणे काढले आणि कस्तुरबांना आपणहून विचारले नाही. ते बोलणे कानावर पडल्यावर मला का वगळता, म्हणून त्याच पुढे झाल्या. बाहेरच्यांना आधी विचारायचे आणि घरातलीला गृहीत धरायचे, ही थोरामोठ्यांचीही खोड दिसते.

सप्टेंबर 1913 मध्ये फिनिक्स आश्रमातून 16 जण निघाले, त्यांत चार स्त्रिया. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली, फोक्सरुस्टला पकडले गेले आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा बाहेर आल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावली होती. उलट बाजूने ट्रान्सवालच्या स्त्रिया, बहुतेक तमिळ कष्टकरी घरांतल्या, नाताळात शिरल्या आणि न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या. मजुरांवर डोईमागे तीन पौंडांचा कर होता. या बायकांनी खाणींवर जाऊन समजावले आणि हजारो मजुरांनी काम टाकले. याच लढ्यात तुरुंगवास भोगून आलेली वलिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तापाने 22 फेब्रुवारी 1914 रोजी गेली. तिचे स्वतःचे लग्नही झालेले नव्हते.

आपल्या गोपाळराव गोखल्यांनी 1912 साली आफ्रिकेत जाऊन सारे डोळ्यांनी पाहिले होते. लढा पेटला तेव्हा ते आजारी होते, तरी इकडे पैसा गोळा करीत राहिले. शेवटी 1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि एका पुरुषाची एक पत्नी, मग लग्न कोणत्याही धर्माच्या रीतीने लागलेले असो, पत्नी म्हणून मान्य झाली.

कॅनडाची कथा थोडक्यात. 1912 साली व्हँकुव्हरच्या दोघा शीख पुढाऱ्यांच्या बायकामुलांना बंदरावर अडवले आणि मग 'मेहेरबानी म्हणून, पायंडा न पडता' उतरू दिले. सरसकट बायकामुलांना मुभा मिळायला 1919 उजाडले. संसार हा हक्क नव्हे, मेहेरबानी!

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर निराळाच प्रकार चालला होता. सॅनफ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर 1910 पासून 1940 पर्यंत एक ठाणे होते. चिनी मजुरांना 1882 च्या कायद्याने बंदी. व्यापाऱ्यांच्या बायकांना येता येई, पण ती खरीच बायको आहे कशावरून? मग नवऱ्याला निराळे आणि बायकोला निराळे बसवून प्रश्न विचारीत. गावात तुमच्या ओळीत घरे किती? विहीर कोणत्या बाजूला? घराला पायऱ्या किती? उत्तरे जुळली नाहीत की संशय. लोकही हुशार! खरे-खोटे नाते सांगून येणारे उत्तरांच्या वह्या पाठ करीत आणि बोट किनाऱ्याला लागण्याआधी समुद्रात फेकून देत. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री मुले गाईड पाठ करतात, तसेच. फरक एवढाच, की नापास झालेल्याला परतीची बोट दाखवीत.

ती परीक्षा मी घरी घेऊन पाहिली. आमच्या ह्यांना विचारले, परसदाराला पायऱ्या किती? ते म्हणाले चार. मी म्हटले पाच. मोजायला गेलो तर सहा निघाल्या. त्या बेटावर आम्ही दोघे केव्हाच परत पाठवले गेलो असतो.

त्याच बेटावरून जपानी 'फोटोतल्या नवऱ्या'ही आल्या. वराने अमेरिकेतून फोटो धाडायचा, मुलीने गावी फोटो पाहायचा, आणि तिचे नाव जपानात वराच्या कुटुंबाच्या नोंदवहीत चढले की लग्न झाले. धक्क्यावर हातातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहायचा. कित्येकांनी फोटो तरुणपणचा धाडलेला असे! तिकडे ओरड वाढली, तेव्हा 1920 साली जपान सरकारनेच अशा वधूंना पासपोर्ट देणे थांबवले. या लग्नांना कागद होता, फोटो होता. समोरच्याला ते लग्न वाटत नव्हते, एवढीच उणीव.

भाचीला ज्या देशात जायचे, त्या इंग्लंडची गोष्ट शेवटी सांगते, कारण ती अजून ताजी आहे आणि सांगताना जीभ अडखळते. जानेवारी 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक 35 वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. तिकडे राहणाऱ्या भारतीयाशी तिचे लग्न ठरले होते. होणाऱ्या वधूला तेव्हा आगाऊ व्हिसा लागत नसे. अधिकाऱ्याला वाटले, हिचे लग्न आधीच झालेले असणार. आणि ते ठरवण्यासाठी डॉक्टरकडून तिच्या शरीराची तपासणी करवली! फेब्रुवारीत वर्तमानपत्रात बातमी फुटली, भारत सरकारने निषेध केला आणि तो प्रकार बंद झाला. एकच घटना असे तेव्हा भासवले गेले. पुढे 2011 साली संशोधकांनी सरकारी दप्तरे उघडली, तर सत्तरीच्या दशकात अशा निदान 80 बायका निघाल्या. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही हे चालले होते. ती शिक्षिका माझ्याच पेशातली. तिने शाळेत मुलींना काय शिकवले असेल आणि परक्या खोलीत तिला काय सोसावे लागले, हे एकाच वेळी मनात आणवत नाही.

शरीर तपासणे बंद झाले. मन तपासणे सुरू झाले. 1980 च्या नियमांनी असे ठरवले, की इंग्लंडमधल्या मुलीशी लग्न करून येणाऱ्या परदेशी वराचा मुख्य हेतू तिकडे स्थायिक होणे हा नसावा. आणि पुढे तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच टाकला. हेतू नव्हता हे सिद्ध करायचे कसे? त्यातली मेख आपल्या वाचकांना लगेच कळेल. अधिकारी म्हणत, तुमच्यात चाल अशी, की मुलगी सासरी जाते. मग हा मुलगा उलटा बायकोच्या देशी निघाला, तो कशासाठी? म्हणजे घरजावई झाला की हेतू वाईट! आपल्या बायकापोरी ज्या शब्दावरून हसतात, त्या शब्दावरून तिकडे जोडप्यांची ताटातूट झाली. ठरवून केलेल्या लग्नात आधी प्रेम नसते, हेही विरुद्ध जाई. म्हणून लग्नानंतर एकमेकांना धाडलेली पत्रे, फोनची बिले, विमानाची तिकिटे लोक न्यायासनापुढे मांडू लागले. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र तिऱ्हाइताने वाचायचे आणि त्यात माया पुरेशी आहे का, ते ठरवायचे.

1985 साली तिघी स्त्रिया युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकल्या. न्यायालय म्हणाले, पुरुषांच्या बायकांना सोपा आणि स्त्रियांच्या नवऱ्यांना कठीण असा भेद करता येणार नाही. सरकारने भेद काढला, पण कसा? नवऱ्यांचे सोपे करण्याऐवजी बायकांचेही कठीण करून! तो नियम 1997 साली एकदाचा गेला. मग 2012 पासून कमाईची अट आली, ती 2024 साली वर्षाला 29,000 पौंडांवर नेली. आता लग्न खरे असून पुरत नाही, ते परवडलेही पाहिजे.

हे सारे मी भाचीला तुकड्यातुकड्याने सांगितले. ती ऐकत ऐकत निरोपांचे उतारे छापून लावत होती. मध्येच म्हणाली, "मावशी, यात आमचं भांडण झालेलं आहे. हे ठेवू का काढू?" मी वाचले नाही. म्हटले, ठेव. ज्यांच्यात एकदाही भांडण नाही त्यांचे लग्न मी तरी खरे मानणार नाही.

पाडव्याला संध्याकाळी तिने टेबलावर फोन उभा केला. तिकडे दुपारचा दीड वाजला होता. जावयांनी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन खाली टॉवेल अंथरला होता आणि डोक्यावर टोपी घालून त्यावर बसले होते. भाचीचा भाऊ दुसरा फोन घेऊन पुढे सरसावला. "ताई, इकडे बघ, फाइलीला फोटो पाहिजे ना?"

"आधी ओवाळू दे," ती म्हणाली.

मग त्याने काढला. फोटोत निरांजन स्वच्छ आले. फोनच्या काचेवर त्याचाच उजेड पडून जावयांच्या जागी नुसते पांढरे. वकीलबाईंना असला फोटो चालणार नव्हता. भाचीने तो छापून घेतला तो फाइलीसाठी नव्हे. आपल्या पाकिटात ठेवला.

मार्गशीर्षात कागद गेले, फाल्गुनात उत्तर आले, चैत्रात ती गेली. जाताना ताईने दोन किलो भाजणी बांधून दिली. परवा फोन आला: भाजणी आहे, तेल आहे, पण सोऱ्या इकडेच राहिला, आता चकल्या कशाने पाडू?