सिलिकॉन सॅक्सनी

सिलिकॉन सॅक्सनी हे जर्मनीच्या सॅक्सनी (जर्मन: जाक्सन) राज्यातील अर्धसंवाहक उद्योगक्षेत्राचे प्रचलित नाव आहे. ड्रेस्डेन हे त्याचे मुख्य केंद्र होय. शीतयुद्धाच्या काळात उभा राहिलेला आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर कोसळलेला हा उद्योग १९९०च्या दशकापासून पुन्हा उभारण्यात आला. याच नावाची उद्योगसंघटना इ.स. २००० मध्ये स्थापन झाली.

== पूर्व जर्मनीचा काळ ==

भौतिकशास्त्रज्ञ व्हेर्नर हार्टमान यांनी १९६१ मध्ये ड्रेस्डेन येथे सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकी संशोधनाचे केंद्र सुरू केले. गुप्तचर यंत्रणेच्या संशयामुळे १९७४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी 'कोकॉम' या व्यवस्थेद्वारे साम्यवादी देशांना प्रगत तंत्रज्ञान विकण्यावर निर्बंध घातले होते. त्यामुळे पूर्व जर्मनीला बहुतेक यंत्रसामग्री स्वतः घडवावी लागे किंवा चोरट्या मार्गाने मिळवावी लागे. सप्टेंबर १९८८ मध्ये एक मेगाबिट क्षमतेच्या 'यू ६१०००' या स्मृती-चिपचा नमुना राष्ट्रप्रमुख एरिक होनेकर यांना समारंभपूर्वक देण्यात आला. जपानी कंपन्या तोपर्यंत अशा चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करीत होत्या. ड्रेस्डेनच्या चिपचे तसे उत्पादन कधीच झाले नाही.

== ऱ्हास ==

१ जुलै १९९० रोजी पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मन मार्क लागू झाला. त्यामुळे तेथील माल महागला, पूर्व युरोपातील ग्राहक दुरावले आणि संरक्षित बाजारपेठ नाहीशी झाली. संगणकनिर्मिती करणारा 'रोबोट्रॉन' हा ड्रेस्डेनस्थित उद्योगसमूह विसर्जित झाला व हजारो प्रशिक्षित कामगार आणि अभियंते बेकार झाले.

== पुनर्बांधणी ==

१९९० ते २००२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले कुर्ट बीडेनकोफ यांनी सर्वत्र थोडेथोडे अनुदान वाटण्याऐवजी निवडक मोठ्या प्रकल्पांना पाठबळ दिले. हे 'दीपस्तंभ धोरण' म्हणून ओळखले जाते. अनुदानाइतकेच तेथील कुशल मनुष्यबळ आणि तांत्रिक विद्यापीठ यांचेही कंपन्यांना आकर्षण होते. १९९४ मध्ये सीमेन्सने चिप कारखान्याची उभारणी सुरू केली. पुढे तो इन्फिनिऑनकडे गेला. पाठोपाठ एएमडी ही अमेरिकी कंपनी आली; तिचा कारखाना २००९ पासून ग्लोबलफाउंड्रीजकडे आहे. जून २०२१ मध्ये बॉश कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

== महासत्तांची स्पर्धा आणि नवी गुंतवणूक ==

अमेरिका व चीन यांच्यातील तंत्रज्ञानविषयक संघर्ष आणि कोविड काळातील चिपटंचाई यांमुळे युरोपीय संघाने २०२३ मध्ये चिप कायदा लागू केला. जागतिक उत्पादनातील युरोपचा वाटा २०३० पर्यंत २० टक्क्यांवर नेणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रेस्डेन येथे 'ईएसएमसी' कारखान्याची पायाभरणी झाली. त्यात तैवानच्या टीएसएमसीचा ७० टक्के, तर बॉश, इन्फिनिऑन व एनएक्सपी यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा आहे. दहा अब्ज युरोंहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला जर्मन शासनाचे सुमारे पाच अब्ज युरोंचे साहाय्य मंजूर झाले आहे.

== मर्यादा ==

अनुदानामुळे कारखाना आला, तरी तो टिकेलच असे नाही. स्मृती-चिप बनवणारी किमोंडा ही कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ड्रेस्डेनमधील हजारो रोजगार संपुष्टात आले. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता फार कमी असल्याचे म्हटले. पूर्वी निर्बंधांमुळे एकाकी पडलेला हा प्रदेश आता परकीय भांडवल, तैवानी तंत्रज्ञान आणि सरकारी साहाय्य यांवर अवलंबून आहे. या दोन्ही कालखंडांना जोडणारा दुवा म्हणजे तेथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेलेले तांत्रिक कौशल्य होय.