मुलाची बैठक

गाणगापूरच्या निर्गुण मठात पादुकांचे दर्शन एका लहानशा झरोक्यातून होते. गर्दीत चार-पाच वर्षांच्या मुलाला काही दिसत नाही, म्हणून बाप त्याला उचलून धरतो. दुपारी प्रसादाची पंगत जमिनीवर बसली, की तेच मूल आजोबांच्या शेजारी मांडी घालून जेवते. तेथे त्याला कोणी उचलीत नाही, कारण पानच खाली आलेले असते. मोठ्यांच्या मापाने केलेल्या वस्तूपर्यंत मुलाला चढवावे, की ती वस्तू मुलापाशी उतरवावी? मुलांच्या बैठकीचा सारा इतिहास या दोन वाटांनी गेला आहे.

आपल्या घरांनी पाटाची वाट धरली, इंग्लंडने मेजाची. म्हणून सतराव्या शतकातच तेथे उंच पायांच्या बालखुर्च्या घडविल्या गेल्या. आपल्याकडे अशा खुर्चीचे प्रयोजनच नव्हते. सोलापूरहून रायचुराकडे जाणारा लोहमार्ग १८७१ साली पुरा झाला. पुढे गाणगापूर रोड स्थानकावर उतरून उरलेले सुमारे २० किलोमीटर बैलगाडीने जाताना मुले खुशाल गवतावर झोपत. बैलाच्या चालीला पट्टा कशाला हवा?

मोटारीने मात्र प्रश्न पालटला. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट गाड्यांत आला, तो प्रौढ देहाच्या मापाचा. मुलाला तो बांधला तर वरचा पट्टा मानेवर व खालचा पोटाच्या मऊ भागावर येतो. त्याच देशात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, निघाली. तीमुळे खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्यावर बसतो. ही पहिली वाट झाली.

परंतु ही बैठक अवजड. भाड्याच्या गाडीने यात्रेला निघालेल्या कुटुंबाने ती वाहायची कशी? म्हणून घडीच्या बैठकी आल्या. त्यांत कस लागतो तो बिजागरीचा आणि बाजूच्या आकड्यांचा. धक्क्यासरशी घडी मिटता कामा नये, मूल पट्ट्याखालून पुढे घसरता कामा नये. २०१५ च्या सुमारास 'मायफोल्ड' नावाची पातळ घडीची बैठक पुढे आली. तिने मुलाला उंच करण्याऐवजी दोन्ही पट्टेच खाली ओढून धरले. मला तर ही पाटाचीच बुद्धी वाटते!

आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, ही आपली समजूत मात्र मोटारीत खोटी ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोच्या मुलाचा भार सुमारे २०० किलोंइतका होतो. तो कोणत्या आईच्या हातांनी आवरावा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनाने न बांधल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे.

बूस्टर साधारण चार वर्षांनंतरच्या मुलासाठी. त्याहून लहानास स्वतःचे पट्टे असलेले आसन लागते. शिवाय जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला बहुधा कमरेपुरताच पट्टा असतो आणि त्यावर बूस्टर चालत नाही. गाणगापुरास गाडी ठरविताना खांद्यावरून येणारे पट्टे किती आहेत, हे आधीच विचारून घ्यावे. नाहीतर घडीची बैठक पिशवीतच राहते.