जनावराचं बिल कोणी भरायचं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की यात इतिहास कुठला आला? कुत्र्याला जुलाब लागले, दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दोन दिवस सलाईन लावलं. आणि बिल बघून मालकालाच सलाईन लावायची वेळ आली. ही तर कालपरवाची तक्रार. तक्रार नवी आहे खरी, पण बिल कोणी भरायचं हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या मुंबईतच घडला आहे.

पूर्वी जनावराच्या उपचारावर किती खर्च करायचा, याला एक मर्यादा आपोआप पडलेली असे: त्या जनावराची बाजारातली किंमत. नवा बैल जेवढ्यात येतो त्याच्या दुप्पट पैसे जुन्याच्या औषधावर कोण घालणार? आपल्याकडे सालोत्री होते, ते घोड्यांचे वैद्य. घोडा महाग, म्हणून त्याला वैद्य. कुत्र्या-मांजरासाठी सालोत्र्याला बोलावणं कोणी पाठवत नसे. युरोपातही वेगळं नव्हतं. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनला पशुवैद्यकाचं पहिलं विद्यालय मंजूर झालं, ते गुरांच्या साथींनी शेती बुडत होती म्हणून. त्याचे संस्थापक क्लोद बुर्जला हे मुळात घोडेस्वारीच्या शाळेचे प्रमुख.

विमाही याच किमतीतून जन्मला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लिंकनशर भागात शेतमजुरांची 'गाय मंडळं' होती. आपल्या भिशीसारखंच. प्रत्येकानं थोडी थोडी वर्गणी टाकायची, कोणाची गाय मेली तर मंडळातून पैसे मिळायचे. गाय आधी तपासायची, मग तिच्यावर मंडळाची खूण करायची, म्हणजे भलतीच मेलेली गाय दाखवून कोणी पैसे उचलायला नको. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्वीडनमध्ये १८९० मध्ये घोड्या-गुरांचा विमा सुरू झाला आणि तिथेच १९२४ मध्ये पहिल्यांदा एका कुत्र्याचा विमा उतरवला गेला. ब्रिटनमध्ये कुत्र्याची पॉलिसी निघाली १९४७ ला. अमेरिकेत तर थेट १९८२ ला, आणि तीही टीव्हीवरच्या 'लॅसी' या कुत्रीच्या नावाने. जाहिरात कशी करावी हे अमेरिकेकडूनच शिकावं!

मग ज्या जनावराला किंमतच नाही त्याचं काय? तिथे धर्मादाय आला, आणि इथे मुंबई फार पुढे होती. १८३२ च्या जून महिन्यात सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली. शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांसाठी शिपाई लोकांच्या आवारात शिरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान, त्यामुळे पारशी खवळले, बाजार बंद पडला, जैन आणि वैष्णव व्यापारीही त्यात उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. असल्या संस्था चालवायची व्यापाऱ्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. ते आपल्याच मालावर 'लागा' बसवत, म्हणजे गाठोड्यामागे, पोत्यामागे ठरावीक रक्कम. सरकारनं न लावलेला कर! पांजरपोळात आसरा होता, चारा होता. औषधपाणी मात्र यथातथाच.

इलाजाची वेळ आली ती घोड्यांमुळे. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या, त्यांना नऊशे घोडे लागत. त्याच वर्षी जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्था इथे स्थापन झाली. हा योगायोग असेल, पण चाबकाखालचे घोडे रोज रस्त्यावर दिसत होते हेही खरं. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली आणि परळला बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं. साकरबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. दाता, दवाखाना आणि शिकाऊ डॉक्टर असे तिघे एकत्र आले, म्हणून टांगेवाल्याच्या घोड्यालाही शिकलेला डॉक्टर मिळायची सोय झाली. लंडनच्या गरीब वस्तीत असा दवाखाना मरिया डिकिन या बाईंनी काढला तो १९१७ मध्ये, व्हाइटचॅपलच्या एका तळघरात. उपचार फुकट, पण उपचार करणारे सगळेच पदवीधर नव्हते, म्हणून तिथले पशुवैद्य बरीच वर्षं त्यांच्यावर नाराज होते.

कायद्यानंही बिलाचा विचार केलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पस्तिसावं कलम आहे. छळ झालेलं जनावर दवाखान्यात पाठवलं तर खर्च मालकानं द्यायचा, पण दर ठरवायचे जिल्हा दंडाधिकाऱ्यानं किंवा पोलीस आयुक्तानं. मालक गरीब असेल तर दंडाधिकारी खर्च माफ करू शकतो. आणि मालकानं जनावर परत नेलंच नाही तर? जनावर विकून खर्च वसूल करायचा, उरलेले पैसे मागितल्यास मालकाला परत. बघा, पुन्हा किंमत आलीच. बैल विकला जाईल, पण रस्त्यावरचा खरजुल्या कुत्रा कोण विकत घेणार?

खेड्यात हा किमतीचा हिशोब अजून पक्का आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्जावर म्हैस मिळायची, ती विम्यासकट. कानात बिल्ला ठोकला जायचा. म्हैस मेली की डॉक्टरचा दाखला आणि तो बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. लिंकनशरच्या गायीची खूण ती हीच. पण म्हैस आजारी पडली तर? विमा तेव्हा गप्प. पैसे मेल्यावर, जगवायला नाहीत. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्य सरकारनं मेलेल्या दुभत्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपये दिले. शेतकऱ्याला ते हवेच होते. पण गाय वाचवायला ज्यानं दोन आठवडे इंजेक्शनं टोचून घेतली त्याचा खर्च या हिशोबात कुठे बसतो?

शहरातल्या कुत्र्याचं उलट आहे. त्याची किंमत शून्य, आणि म्हणूनच खर्चाला वर छत नाही. डॉक्टर एमआरआय सुचवतो तेव्हा 'यापेक्षा नवा आणू' असं कोणी म्हणत नाही. ही गोष्ट भांडवलाच्या लवकर लक्षात आली. ब्रिटनमध्ये १९९९ नंतर पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखान्यांची मालकी घेता येऊ लागली. २०१३ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांकडे तिथले दहा टक्के दवाखाने होते, दहा वर्षांत ते साठ टक्क्यांच्या आसपास गेले. तिथे विमा भरपूर लोकांकडे आहे, तरी बिलं इतकी चढली की २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाला चौकशी लावावी लागली. विमा आला की बिल हलकं होतं, हा समज मला म्हणून फारसा पटत नाही. विम्यानं बिल वाटलं जातं, कमी होत नाही.

मुंबईत मात्र जुनी वाट अजून बुजलेली नाही. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा न्यासांचं पाच मजली रुग्णालय उघडलं, खर्च १६५ कोटी. दाता पुन्हा पारशीच!

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग आम्ही विमा घ्यावा की नाही?)

पिल्लू लहान असेल तर जरूर विचार करा, कारण आधीपासून असलेला आजार कंपनी धरत नाही आणि वय वाढलं की दारं बंद होत जातात. कागद घरी आणून सावकाश वाचा. पैसे मेल्यावर मिळणार की उपचाराला, हे आधी बघा. उपचाराला असतील तर वर्षाला कितीपर्यंत, आणि बाह्यरुग्ण विभागाचं बिल त्यात धरतात का तेही विचारा. आणि परळला एकदा चक्कर टाका, तिथे अजून दवाखाना चालू आहे.