पडद्याआडचा आड

आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला दोन वर्गखोल्यांचे काम २०१६ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. पायाचा चर खणताना एका जागी माती एकाएकी बसली आणि खणणारा गडी कमरेपर्यंत आत गेला. सोबत्यांनी हात देऊन ओढून काढले म्हणून खरचटण्यावर निभावले. खाली जुना आड होता, कधीकाळी दगडमाती टाकून बुजविलेला. हातातल्या नकाशात तो नव्हता, आणि त्या नकाशावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही होती.

संध्याकाळी कार्यालयातले जुने कपाट उचकले. १९७८ सालचा एक अमोनिया प्रिंट निघाला. रेघा विटलेल्या, घड्यांवर कागद फाटलेला. पण नेमक्या त्याच जागी तुटक रेघेचे वर्तुळ आणि शेजारी ‘बुजविलेला आड’ अशी सुबक अक्षरे. जुन्या कागदाला जे ठाऊक होते ते नव्याला ठाऊक नसावे, याचा मला संताप आला. नवा नकाशा करणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो, तेवढ्यात आमचा एक माजी विद्यार्थी बातमी ऐकून आला. तो इथे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात संगणकावर ओतकामाचे नकाशे काढतो. त्याने ती फाईल मिळवली, उघडली, थरांच्या यादीतल्या एका विझलेल्या दिव्याच्या चित्रावर टिचकी मारली, आणि पडद्यावर आड उमटला.

“सर, काढलेला आहे की! प्रिंट काढताना हा लेयर बंद राहिला, एवढंच.”

पत्र मी फाडून टाकले. पण ‘एवढंच’ हा शब्द काही मनातून जाईना. मी इतिहासाचा एम. ए.; यंत्रातले मला काय कळणार? तरी नकाशात काय दाखवायचे आणि काय झाकायचे, ही रीत आली कुठून, ते शोधण्याचा नाद लागला तो लागलाच.

आजच्या यांत्रिक आरेखनाचा पाया घातला तो फ्रान्समधल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत तो तरुणपणी काम करीत होता. शत्रूच्या तोफांना किल्ल्याच्या आतले काही दिसू नये, यासाठी तटबंदी कुठे किती उंच हवी, हा तिथला नेहमीचा प्रश्न. त्यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ते काम रेघांनी सोडवून दाखवले. वस्तू वरून कशी दिसते आणि समोरून कशी दिसते, ही दोन चित्रे जुळवून तिचे खरे माप काढण्याची ही विद्या. सरकारने ती लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद केली. म्हणजे गंमत पाहा, लपवण्यासाठी जन्मलेली विद्या स्वतःच लपवली गेली! राज्यक्रांती झाल्यावर १७९५ मध्ये पॅरिसला मोंजने त्यावर उघड व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये पुस्तक निघाले. आपली टेक्निकलची मुले वहीत जे ‘प्लॅन’ आणि ‘एलेव्हेशन’ काढतात ते त्याच घराण्यातले.

या आरेखनात पुढे एक संकेत रूढ झाला. जी कड डोळ्यांना दिसते ती अखंड रेघेने, आणि जी पाठीमागे किंवा पोटात दडली आहे ती तुटक रेघेने. मला ही तुटक रेघ फार प्रामाणिक वाटते. ‘मी दिसत नाही, पण आहे,’ असे ती सांगते. आमच्या १९७८ च्या नकाशातले वर्तुळ असेच बोलत होते.

नकाशांच्या नकला पूर्वी हाताने काढाव्या लागत. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये निळ्या छपाईची रासायनिक कृती शोधली आणि पुढे ट्रेसिंगवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. नंतर अमोनियाचे प्रिंट आले (तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही). एकाच ट्रेसिंगवर भिंती, पाण्याचे नळ, विजेच्या तारा सगळे कोंबले की गवंड्याला काही उमजत नसे. म्हणून १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्म एकावर एक रचण्याची पद्धत फोफावली. काठाला भोके पाडायची, ती खुंट्यांच्या पट्टीत बसवायची, म्हणजे एकही रेघ इकडची तिकडे होत नाही. एका फिल्मवर भिंती, दुसरीवर नळ, तिसरीवर वीज. ज्याला जे हवे तेवढ्याच फिल्म एकत्र छापायच्या. संगणकातल्या लेयरचा हा सख्खा आजोबा. फरक इतकाच, की एखादी फिल्म लावायची राहिली तर ती टेबलावर पडलेली दिसे.

संगणकावर रेघ ओढण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड याने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ तयार केले. प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येऊ लागली. त्याच वर्षी तिथेच लॉरेन्स रॉबर्ट्सने घनाकृतीच्या मागच्या बाजूच्या रेघा यंत्रानेच ओळखून वगळाव्यात, अशी रीत बसवली. काय दिसू नये हे ठरवायला यंत्र शिकले ते तेव्हा.

१९८२ च्या अखेरीस लहान संगणकांसाठी ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि थरांची सोय हळूहळू गावोगावच्या कचेऱ्यांत पोचली. कुठल्या थराला काय नाव द्यावे यावर गोंधळ माजू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्ये त्यासाठी नियमावलीच काढली.

विद्यार्थ्याने मला यातल्या खुब्या बसवून दाखवल्या. थर ‘बंद’ करणे वेगळे आणि ‘गोठवणे’ वेगळे. बंद थरावरची वस्तू दिसत नाही. पण सगळे निवडून पुसण्याचा हुकूम दिला की न दिसणारी तीही पुसली जाते. गोठवलेली मात्र वाचते. आणखी एक थर आहे, ‘डेफपॉइंट्स’ नावाचा. मापे टाकली की तो आपोआप तयार होतो. त्यावरचे सारे पडद्यावर दिसते आणि कागदावर कधीच छापले जात नाही. नवशिक्या पोराने चुकून त्यावर भिंत काढली, तर ती पडद्यावर उभी आणि प्रिंटमध्ये गायब! पण माझी खंत निराळी होती. बंद थराची कागदावर काही खूणच उरत नाही. तिथे तुटक रेघ नसते, टेबलावर राहिलेली फिल्म नसते. कोरा भाग खरोखर कोरा आहे की झाकलेला, हे सही करणाऱ्याने ओळखायचे कसे? मी ते विचारले नव्हते, हेही इथे लिहायला हवे.

त्या उन्हाळ्यात खोल्यांची जागा आठ फूट सरकवून नकाशा पुन्हा केला. या वेळी मी विद्यार्थ्यालाच शेजारी बसवून घेतले. कोपऱ्यात एक चौकट करून या प्रिंटमध्ये कोणकोणते थर बंद आहेत त्यांची यादी छापायला लावली. आमच्या भागात एकाच फाईलमध्ये कानडी अक्षरांचा एक थर आणि मराठी अक्षरांचा दुसरा ठेवावा लागतो. कचेरीला द्यायची प्रत निराळी, आमच्या समितीची निराळी. भिंती त्याच. खणणारा तो गडी कानडी वाचणारा होता, हे मला तेव्हा आठवले.

“अरे, आड कुठल्या थरावर लिहिलास?” मी विचारले.

“वर्तुळ भिंतींच्या थरावर टाकलंय सर, तुटक रेघेत. आणि नाव दोन्हीकडे. इकडे आड, तिकडे बावी.”