शिसपेन्सिलीत शिसं नसतंच! मग असतं काय, आणि तुमच्या कामाची पेन्सिल कोणती?

मुलानं पेन्सिल तोंडात घातली की घरातलं कुणीतरी ओरडतंच, "चावू नकोस, शिसं पोटात जाईल!" शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा वाईट परिणाम होतो, हे सगळं खरं. पण शिसपेन्सिलीच्या गाभ्यात शिसं नसतं. ते असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार. मग हे नाव पडलं कसं?

गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या उत्तरेला, बॉरोडेल नावाच्या दरीत. सोळाव्या शतकात तिथे एका काळ्या, चकचकीत, हाताला लागणाऱ्या खनिजाचा साठा सापडला. आसपासचे मेंढपाळ त्याचे तुकडे घेऊन आपापल्या मेंढ्यांवर खुणा करायचे. पुढे या खनिजाच्या कांड्या कापून, त्यांना दोरा गुंडाळून किंवा लाकडात बसवून लोक लिहायला लागले. स्विस निसर्ग अभ्यासक कॉनराड गेस्नर यांच्या १५६५ सालच्या पुस्तकात अशा पेन्सिलीचं चित्रही आहे.

त्याआधी कागदावर फिकट रेघा मारायला खरोखरच शिशाची कांडी वापरत. हे नवं खनिज दिसायला तसंच, फक्त जास्त काळं. म्हणून लोक त्याला 'काळं शिसं' म्हणू लागले. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं १७७९ मध्ये दाखवून दिलं की हा कार्बन आहे. १७८९ मध्ये अब्राहम वेर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिलं. पण तोवर दोनशे वर्षं उलटली होती. शिसं नावाला चिकटलं ते चिकटलंच. मराठीत तर ते सोयीचंही ठरलं, कारण पाटीवरची पेन्सिल वेगळी आणि कागदावरची शिसपेन्सिल वेगळी.

मग चावली तर चालेल?

चालेल असं नाही. पूर्वी पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगात शिसं असायचं, त्यामुळे आजीची भीती अगदीच निराधार नव्हती. आजही अनोळखी, स्वस्तातल्या पेन्सिलीचा रंग मुलानं कुरतडू नये हेच बरं. पण ग्रॅफाइटचं टोक तुटून पोटात गेलं तर विषबाधेची भीती नसते. टोक घशात अडकू शकतं किंवा टोचू शकतं, काळजी त्याची घ्यायची.

गंमत म्हणजे, जिच्या नावात विष नाही त्या पाटीवरच्या पेन्सिलीचा इतिहास जास्त गंभीर आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये या पेन्सिली कापताना उडणारी दगडाची धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊन अनेक कामगारांना सिलिकोसिस झाला. त्यात तरुण माणसंही दगावली.

युद्धामुळे आली एचबी

बॉरोडेलचं ग्रॅफाइट इतकं शुद्ध होतं की करवतीनं कापलं की झाली कांडी तयार. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही ते लागायचं. त्यामुळे भाव चढले, चोऱ्या वाढल्या. शेवटी १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेनं या खाणींतली चोरी रोखण्यासाठी खास कायदा केला.

१७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचं युद्ध पेटलं आणि फ्रान्सला होणारा पुरवठा थांबला. निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाला पर्याय शोधायला सांगण्यात आलं. त्यानं हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड केली, त्यात चिकणमाती आणि पाणी कालवलं, कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्यानं या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजही पेन्सिली मुळात याच पद्धतीनं बनतात.

खरा फायदा वेगळाच झाला. माती वाढवली की कांडी कडक होते, रेघ फिकट उमटते. माती कमी केली की कांडी मऊ होते, रेघ गडद येते. पेन्सिलीवरची अक्षरं हेच सांगतात. 'एच' म्हणजे कडक, 'बी' म्हणजे काळी, 'एचबी' मधली. आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त. ६एच जवळजवळ सुईसारखी, ६बी काजळासारखी.

गडद म्हणजे चांगली?

नाही. हे मी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत शिकले. काळीभोर दिसते म्हणून अख्खं वस्तुचित्र ६बीनं काढलं आणि तळहातानं अर्धं मडकं पुसून टाकलं. त्यात कागद काळवंडला तो वेगळाच.

या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी म्हणून सांगते. भूमितीच्या पेपरला एच किंवा २एच घ्या, रेघ बारीक राहते. चित्राची पहिली आखणी एचबीनं, हात हलका ठेवून करा. दाबून मारलेली रेघ खोडरबरानं खोडली तरी कागदावर चर राहतो, आणि एच पेन्सिलीनं तर हमखास. छायाप्रकाशाला २बी, ४बी आणि अगदी गडद जागी ६बी. हाताखाली एक कोरा कागद ठेवा. मी ठेवला असता तर मडकं वाचलं असतं.

रोजच्या लिखाणाला एचबी पुरे. नुकतंच लिहायला शिकणाऱ्या मुलाला २बी देऊन बघा, कारण कमी जोर लावूनही अक्षर ठळक उमटतं आणि बोटं दुखत नाहीत. पेन्सिल जाड आणि तीनधारी असेल तर पकड बसायला सोपं जातं. सुतारकाकांची पेन्सिल चपटी असते, ती उतरत्या फळीवरून घरंगळू नये म्हणून.

एक लक्षात ठेवा. एका कंपनीची २बी दुसरीच्या २बीइतकीच गडद असेल असं नाही. त्यामुळे चित्रासाठी पूर्ण संच एकाच कंपनीचा घ्या. 'एक्स्ट्रा डार्क' ही तर श्रेणीच नाही, ते फक्त वेष्टनावरचं वर्णन आहे. आणि नटराज की अप्सरा, यावरून वर्गात भांडला असाल तर ऐका: दोन्ही हिंदुस्तान पेन्सिल्स या १९५८ मध्ये सुरू झालेल्या एकाच कंपनीच्या.

टोक सारखं का तुटतं?

बहुतेक वेळा पेन्सिल खाली पडल्यामुळे. बाहेरचं लाकूड शाबूत दिसतं, पण आत कांडीचे तुकडे झालेले असतात. मग कितीही टोक काढा, ते गळूनच पडणार. दुसरं कारण बोथट शार्पनर. पातं बोथट झालं की ते लाकूड कापत नाही, ओरबाडतं.

तिसरं कारण दुकानातच ओळखता येतं. पेन्सिल उभी धरा आणि तिच्या सपाट टोकाकडून बघा. काळा ठिपका बरोब्बर मध्यभागी हवा. तो एका बाजूला सरकलेला असेल, तर टोक काढताना एकीकडे लाकूड राहतं आणि दुसरीकडे कांडी उघडी पडते. अशी पेन्सिल दुकानदाराला परत द्या आणि दुसरी मागा.