मिथेनचा एक आकडा

इंदूरजवळ देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचवण्याची त्याची क्षमता आहे. तिथला शुद्ध केलेला मिथेन शहराच्या बसगाड्यांत जळतो. एक किलो मिथेनमधून उष्णता किती मिळते? रसायनाचा विद्यार्थी ५५.५ मेगाज्यूल सांगेल, इंजिनाचा जाणकार ५०. दोघेही बरोबर. ज्वलनात तयार झालेले पाणी एकाने द्रव धरले, दुसऱ्याने वाफ. रासायनिक ऊष्मागतिकीत पाऊल टाकणाऱ्याने ही सवय आधी लावून घ्यावी: आकडा दिसला की त्याची अवस्था विचारायची.

दुसरा प्रश्न, आकडा आला कुठून? तक्त्यात मिथेनची निर्मिती-एन्थाल्पी मोलमागे उणे ७४.८ किलोज्यूल दिसते. पण ग्रॅफाइट आणि हायड्रोजन एकत्र ठेवून मिथेन बनवत ही उष्णता कुणी सहजी मोजत नाही. १९३१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेत फ्रेडरिक रॉसिनी यांनी मिथेन जाळून त्याची ज्वलनउष्णता काटेकोर मोजली. अशा मापनांतूनच, हेसच्या नियमाने (वाट कोणतीही असो, एकूण उष्णता तीच) उलट हिशेब करून, निर्मितीचे आकडे निघतात. मग त्याच आकड्यांवरून विद्यार्थी ज्वलनउष्णता 'काढतो', तेव्हा तो चक्क गोल फिरत असतो! परीक्षेत हे चालते.

खरा लाभ वेगळाच. मिथेन आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन करायचा, तर मोलमागे सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. हे न मोजता, बसल्या जागी कळते. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड, वाफ आणि मिथेन या तिघांचेच आकडे लागतात.

हे आकडे एकमेकांत गुंतलेले असल्याने एक सुधारला की शेजारचे हलतात. म्हणून वेगवेगळ्या तक्त्यांतले आकडे मिसळू नयेत, हे माझे आग्रहाचे सांगणे. जानाफचे तक्ते, कोडाटाची मूलभूत मूल्ये, एनआयएसटीचे मोफत वेबबुक: कोणताही घ्या, पण एका हिशेबाला एकच.

जुन्या पुस्तकांत प्रमाण दाब १ वातावरण आहे. १९८२ पासून शिफारस १ बारची. एन्थाल्पीला याने फारसा फरक पडत नाही. वायूंची एन्ट्रॉपी मात्र मोलमागे, दर केल्व्हिनला ०.११ ज्यूलने सरकते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथल्या हवेचा दाब जवळपास ०.९५ बार, आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. दोन्ही प्रमाणांपासून इथल्या प्रयोगशाळेपर्यंतची दुरुस्ती तक्ता करून देत नाही. ती ज्याची त्याने करायची.