सांता फे : मातीच्या नगरीचा हिंवाळा

एखाद्या नगरीचें सौंदर्य पाहून मन प्रसन्न होणें ही एक गोष्ट. तें सौंदर्य कोणीं, केव्हां आणि कोणासाठीं उभें केलें हें जाणणें ही दुसरी. पहिलीला डोळे पुरतात, दुसरीला इतिहास लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांतील सांता फे या नगरीविषयीं हें विशेष खरें आहे. न्यू मेक्सिको राज्याची ही राजधानी सुमारें ७,००० फूट उंचीवर, सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या पायथ्याशीं वसली आहे. हिंवाळ्यांत तांबूस मातीच्या भिंतींच्या माथ्यावर बर्फाची शुभ्र कड बसते, पिन्यॉनच्या सरपणाचा सुगंधी धूर गल्लीगल्लींतून दरवळतो, आणि नाताळच्या आदल्या रात्रीं कागदी पिशव्यांत वाळू घालून तींत लावलेल्या मेणबत्त्यांच्या ओळी कॅन्यन रोडच्या दुतर्फा तेवत असतात. पावलोपावलीं चित्रशाळा आणि पदार्थसंग्रहालयें, जेवणहि उत्तम. चार दिवस राहून प्रवासी तृप्त होऊन परततो. परंतु ज्या भिंतींकडे तो कौतुकानें पाहतो, त्यांना सांगण्यासारखें पुष्कळ आहे.

या प्रांतांतील पहिली स्पॅनिश वसाहत हुआन दे ओन्याते यानें १५९८ मध्यें स्थापन केली, आणि १६१० च्या सुमारास गव्हर्नर पेद्रो दे पेराल्ता यानें सांता फे येथें राजधानी आंखली. या नांवाचा अर्थ पवित्र श्रद्धा. मध्यभागीं चौक आणि त्याच्या उत्तरेस गव्हर्नराचा वाडा, अशी ती आंखणी होती. चौक व वाडा दोन्हीं आजहि तेथेंच आहेत. मात्र भूमि मोकळी नव्हती. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यांत प्वेब्लो लोक शतकानुशतकें मका, घेवडा व भोपळा पिकवीत, मजल्यावर मजला चढविलेल्या मातीच्या गांवांत राहत होते. ते ओल्या मातीचे थर हातानें रचून भिंत उभारीत. स्पॅनिशांनीं साच्यांतील कच्ची वीट आणली. तिचें ‘अडोबी’ हें नांव मुळांत अरबी. अरबांच्या अमलांत तें स्पेनमध्यें रुजलें व तेथून समुद्र ओलांडून येथें आलें. छपराला लांकडी तुळया, त्यांवर काटक्यांची दाट मांडणी आणि वर मातीचा जाड थर. खानदेशांतील धाब्याचें घर ज्यानें पाहिलें आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीं.

परकीय सत्तेचा भार प्वेब्लो लोकांवर दोन बाजूंनीं पडला. वसाहतवाले त्यांच्याकडून धान्य, कापड व वेठ घेत. मिशनरी त्यांचे देव आणि विधि मोडून काढीत. त्यांतच अवर्षण व दुष्काळ आला. १६७५ मध्यें गव्हर्नरानें प्वेब्लो धर्मगुरूंपैकीं ४७ जणांना पकडून आणिलें. कांहींना फांशीं दिलें, इतरांना फटके मारिले. फटके खाणाऱ्यांत पोपे नांवाचा एक पुरुष होता. पांच वर्षांनीं त्यानें जें घडवून आणिलें, त्याला उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत जोड क्वचितच सांपडेल. भिन्न भाषा बोलणाऱ्या, एकमेकांपासून दूर असलेल्या गांवांना त्यानें गांठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गांठ सोडावयाची, आणि शेवटची सुटली म्हणजे उठावयाचें. दोघे दूत पकडले गेल्यामुळें बंड ठरल्या दिवसाच्या आधींच, १० ऑगस्ट १६८० रोजीं पेटलें. सुमारें ४०० स्पॅनिश माणसें मारलीं गेलीं. त्यांत २१ मिशनरी होते. उरलेल्यांपैकीं पुष्कळांनीं गव्हर्नराच्या वाड्यांत आसरा घेतला. बंडवाल्यांनीं वाड्याचें पाणी तोडलें, आणि २१ ऑगस्ट रोजीं गव्हर्नर ओतेर्मिन सर्वांना घेऊन दक्षिणेस निघून गेला. पुढें १२ वर्षें प्वेब्लो लोक त्याच वाड्यांत, त्यावर आपल्या पद्धतीचे मजले चढवून, राहिले.

यापुढील हकीकत सांगतांना नगरीची स्मृति दोन वर्षांत भेद करते, आणि तो भेद फार बोलका आहे. सप्टेंबर १६९२ मध्यें दिएगो दे व्हार्गास थोडें सैन्य घेऊन परत आला आणि बोलणीं करून, रक्त न सांडतां, त्यानें शहराची शरणागति मिळविली. या प्रसंगाच्या स्मरणार्थ उत्सव करण्याचें १७१२ मध्यें ठरलें, आणि तो उत्सव आजहि होतो. पण १६९२ हें केवळ अर्धें सत्य होय. डिसेंबर १६९३ मध्यें व्हार्गास वसाहत करण्यासाठीं बायकामुलांसह लोक घेऊन आला, तेव्हां शहरांतील प्वेब्लो रहिवाशांनीं घरें सोडण्याचें नाकारलें. बाहेर बर्फांत तंबू ठोकून राहिलेल्यांपैकीं कांहीं थंडीनें दगावले. अखेर महिन्याच्या शेवटीं लढाई झाली. शहर पडलें, ७० प्वेब्लो योद्ध्यांना ठार करण्यांत आलें, आणि सुमारें ४०० माणसांना दहा वर्षांच्या दास्यासाठीं वसाहतवाल्यांत वांटून देण्यांत आलें. आज ज्या आठवड्यांत नाताळचे दिवे तेवतात, तोच हा आठवडा. तरी बंड अगदींच वायां गेलें असें नव्हे. धान्य-कापड उकळण्याची ती जुनी पद्धति पुन्हां सुरू झाली नाहीं, आणि देवधर्माच्या बाबतींतहि राज्यकर्त्यांना हात आंखडता घ्यावा लागला. प्वेब्लो भाषा व नृत्यें आजवर टिकलीं, यांत त्या गांठींच्या दोऱ्यांचा वांटा मोठा आहे.

१८२१ मध्यें मेक्सिको स्वतंत्र झाला व मिसूरीहून व्यापाऱ्यांचे तांडे येऊं लागले. १८४६ मध्यें अमेरिकन फौज आली, आणि १८४८ च्या तहानें प्रांत अमेरिकेचा झाला. नव्या राज्यकर्त्यांना मातीची लाज वाटे. मूळचा फ्रान्समधील आर्चबिशप लामी यानें १८६९ मध्यें युरोपीय धर्तीच्या दगडी कॅथेड्रलचा पाया घातला. इतरांनीं विटा आणि पत्रे आणले. खुद्द गव्हर्नराच्या वाड्यालाहि परदेशी थाटाची ओसरी चढली. पण १८८० मध्यें रेल्वेचा मुख्य मार्ग शहराला टाळून गेला. शहराच्या वांट्याला केवळ एक शाखा आली, आणि व्यापार ओसरला.

तेव्हां शहराच्या धुरीणांनीं एक विलक्षण निर्णय घेतला. न्यू मेक्सिको राज्य झालें त्याच १९१२ सालीं त्यांनीं ठरविलें कीं, शहरानें इतर अमेरिकन शहरांसारखें न होतां आपलें जुनेपण जपावें, नव्हे, तें नव्यानें घडवावें. प्रवासी येतील ते त्यासाठींच. वाड्याची परदेशी ओसरी काढून लांकडी खांबांची ‘जुनी’ ओसरी बसविण्यांत आली, ती १९१३ पर्यंत पुरी झाली. म्हणजे वाडा सतराव्या शतकांतला, पण त्याचा आजचा चेहरा विसाव्या शतकांतला! १९५७ मध्यें या शैलीला कायद्याचें बळ मिळालें. आज कित्येक इमारतींत मातीची वीट नसतेच. आंत दुसरेंच सामान आणि वर मातकट रंगाचा गिलावा. याला केवळ ढोंग म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. त्या निर्णयानें पुष्कळ खरें जुनें वांचलें. परंतु तो घेणाऱ्यांत पूर्वेकडून आलेले पंडित व कलावंत पुढें होते. ज्यांच्या हातांनीं ती शैली जन्मास आली, त्यांचा शब्द त्यांत फारसा नव्हता.

कलावंतांचा ओघहि याच सुमारास लागला. कोणी कोरड्या हवेंत फुफ्फुसें सुधारावीं म्हणून येत, कोणी येथील प्रकाशासाठीं. १९१७ मध्यें कलासंग्रहालय उघडलें आणि त्याच्या भिंती येईल त्या चित्रकाराला मोकळ्या ठेवण्यांत आल्या. १९२१ मध्यें पांच तरुणांनीं आपला मेळ काढला. अबिक्यू गांवीं राहणाऱ्या जॉर्जिया ओकीफ यांचें १९८६ मध्यें सांता फे येथें निधन झालें. त्यांच्या नांवाचें संग्रहालय १९९७ पासून आहे. पण मला अधिक मोलाची वाटते ती सान इल्देफोन्सो गांवच्या मारिया मार्तिनेझ यांची कथा. उत्खननांत निघालेल्या खापरांवरून त्यांनीं व पति हुलियान यांनीं काळ्यावर काळी नक्षी असलेलीं झळझळीत भांडीं सिद्ध केलीं. पूर्वीं भांड्यावर कर्त्याचें नांव नसे. मारियांनीं पुढें आपलें नांव घातलें. त्या एका सहीनें ‘रानटी लोकांची कारागिरी’ ही पाटी पुसून तेथें कलावंताचें नांव आलें. ज्या सरकारी निवासी शाळेनें प्वेब्लो मुलांची भाषा तोडण्याचा यत्न केला, तींतच १९३२ मध्यें चित्रशिक्षण सुरू झालें, आणि १९६२ मध्यें त्याच आवारांत अमेरिकन इंडियन कलांची स्वतंत्र संस्था निघाली.

येथील अन्नांतहि हाच इतिहास शिजतो. मका, घेवडा, भोपळा हे प्वेब्लोंचे. गहूं, मेंढी, डुक्कर हीं स्पॅनिशांचीं. अंगणांतील घुमटाकार मातीची भट्टी प्रवाशाला अस्सल देशी वाटते, पण तीहि मूर लोकांकडून स्पेनमार्गें आलेली. हॉटेलांत विचारतात : लाल कीं हिरवी? दोन्हीं हव्या असल्यास ‘नाताळ’ म्हणावयाचें. ही मिरची मूळची दक्षिणेकडील. मेक्सिकोंतून स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर ती येथें चढली. सोळाव्या शतकांत त्यांचेच शेजारी पोर्तुगीज यांनीं ती गोमंतकाच्या किनाऱ्यावर उतरविली, आणि मिऱ्यांवर भागविणाऱ्या आमच्या स्वयंपाकघरांत ती इतकी मुरली कीं ती परकी होती हें आपण विसरलों. दारावर वाळत घातलेली लाल मिरच्यांची माळ पाहून मराठी माणसाला घरची आठवण व्हावी, यांत म्हणून नवल नाहीं.

अलीकडे नगरीला आपली स्मृति तपासून पाहावी लागली आहे. व्हार्गासच्या प्रवेशाचें नाट्य उत्सवांत होत असे. प्वेब्लो तरुणांच्या निषेधानंतर २०१८ पासून तें बंद झालें. चौकांतील सैनिकांच्या स्मारकस्तंभावर इंडियनांना ‘रानटी’ म्हणणारा शब्द होता. तो १९७४ मध्यें कोणीसा छिनीनें खरडून टाकला, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत निदर्शकांनीं स्तंभच पाडला. यानें स्पॅनिश वंशाचे अनेक नागरिकहि दुखावले. चार शतकें याच मातींत वाढलेल्यांना परकें म्हणणेंहि न्याय्य नव्हे.

वाड्याच्या त्या ओसरींत आज प्वेब्लो, नाव्हाहो इत्यादि कारागीर सतरंज्या अंथरून आपलीं भांडीं व चांदीचे दागिने मांडतात. विकणाऱ्यानें माल स्वतःच्या वा घरच्यांच्या हातचाच आणावा, असा तेथें नियम आहे. जागेला गर्दी झाली तर चिठ्ठ्या टाकतात. ज्या भिंतीचें पाणी त्यांच्या पूर्वजांनीं तोडलें, ज्या वाड्यांत ते १२ वर्षें राहिले, आणि ज्यांतून एका हिंवाळ्यांत त्यांना ओढून काढलें, त्याच भिंतीला पाठ लावून ते बसतात. घासाघीस करणारा पाहुणा त्यांना पाहुणचार करणारे समजतो. वस्तुतः यजमान कोण, हा तेथील सर्वांत जुना व अद्याप न मिटलेला वाद आहे. हें ठाऊक असलेल्यानें तेथून एखादें काळें भांडें जरूर घ्यावें, आणि बुडाशीं कोणाचें नांव आहे तें आधीं वाचावें.